एका क्रियापदाची वांकडी चाल

इंग्रजी भाषेंत अशीं कित्येक क्रियापदें आहेत, कीं जीं सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांखालून वर्षांतून पांचदहा वेळां जातात, त्यांचा अर्थ आपणांस ठाऊक आहे असें त्याला वाटतें, आणि तरीही तो अर्थ सांगण्याचा प्रसंग आला म्हणजे त्याची जीभ अडखळते. ‘प्रिव्हॅरिकेट’ हें त्यांपैकींच एक होय. पार्लमेंटांतील वादविवाद, उलटतपासणीचे वृत्तान्त, चरित्रग्रंथ व टीकालेख यांत तें अधूनमधून भेटतें; घरगुती इंग्रजींत तें सहसा येत नाहीं. कॉलेजांतील विद्यार्थी तर त्याची ‘प्रोक्रॅस्टिनेट’ म्हणजे आजचें काम उद्यांवर ढकलणें या क्रियापदाशीं हटकून गल्लत करतात. कारण दोन्ही शब्द लांबलचक, दोहोंचा आरंभ व शेवट जवळजवळ सारखा, आणि दोहोंना कांहींतरी टाळण्याचा वास येतो.

कोश उघडावा तर तो सांगतो, कीं ‘प्रिव्हॅरिकेट’ म्हणजे सरळ उत्तर न देणें, उडवाउडवीचें बोलणें, सत्याला बगल देणें. हा अर्थ चूक आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु या शब्दाचा दोन हजार वर्षांचा इतिहास ज्यानें एकवार पाहिला, त्याला हा अर्थ अपुरा वाटल्यावांचून राहणार नाहीं. कोशानें या शब्दाचें आजचें वर्तन सांगितलें. त्याचा मूळचा अपराध कोणता, हें सांगितलें नाहीं. आणि ज्या अपराधाकरितां रोमन लोकांनीं हा शब्द योजिला, तो अपराध आजही नित्य घडत असतो. इंग्रजींत त्याला स्वतंत्र नांव उरलेलें नाहीं, एवढेंच. न्यायमंदिराप्रमाणें साहित्याच्या अंगणांतही तो घडतो, म्हणूनच या विषयाचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मूळ लॅटिन क्रियापद ‘प्रेव्हारिकारी’ असें आहे. त्यांतील ‘प्रे’ हा उपसर्ग. आणि ‘व्हारिकारे’ म्हणजे पाय फांकून उभें राहणें किंवा चालणें. त्याच्याही मुळाशीं ‘व्हारुस’ हें विशेषण आहे. ज्याचे पाय सरळ नाहींत, ज्याला आपण ‘फेंगडा’ म्हणतों, तो ‘व्हारुस’. रोमन लोकांत शरीराच्या एखाद्या व्यंगावरून घराण्याला उपनांव पडण्याची चाल होती. इ. स. ९ मध्यें जर्मनीतील ट्यूटोबर्गच्या अरण्यांत रोमच्या तीन पलटणी गमावून बसलेला जो दुर्दैवी सेनापति, त्याचें ‘व्हारुस’ हें उपनांव याच शब्दाचें. अस्थिरोगाचे डॉक्टर गुडघ्यांच्या अशा वांकडेपणाला आजही ‘जेनु व्हारम’ म्हणतात. तेव्हां ज्या शब्दाचा संबंध आज केवळ जिभेशीं उरला आहे, तो जन्मला पायांशीं, ही गोष्ट प्रथम ध्यानांत ठेवावी. त्यांतील दोष मूळचा बोलण्याचा नव्हे, चालण्याचा व उभें राहण्याचा आहे.

हा पायांचा शब्द सभेंत कसा आला? याचें एक उत्तर थोरल्या प्लिनीनें दिलें आहे. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या उद्रेकाच्या वेळीं मरण पावलेल्या या बहुश्रुत ग्रंथकारानें ‘निसर्गेतिहास’ या नांवाचा सदतीस भागांचा प्रचंड ग्रंथ लिहिला. त्याच्या अठराव्या भागांत शेतीचा विचार आहे. नांगरटीविषयीं लिहितांना प्लिनी म्हणतो, कीं नांगऱ्या जर वांकून नांगरावर नीट भार देणार नाहीं, तर त्याचा नांगर तास सोडून भलतीकडे जातो. आणि या भलतीकडे जाण्याला त्यानें हेंच क्रियापद वापरलें आहे. पुढें तो सांगतो, कीं या दोषाचें नांव शेतांतून उचलून लोकांनीं न्यायसभेंत नेलें. तेव्हां जेथें तें प्रथम निपजलें, तेथें तरी हा दोष घडूं न देण्याची खबरदारी घ्यावी. शेतकऱ्याला केलेल्या या उपदेशांत वकिलांना मारलेला टोमणा वाचकांच्या लक्षांत येईलच.

रोमन लोक मूळचे शेतकरी. त्यांच्या मनोव्यापारांचे कित्येक शब्द नांगरामागून चालत आलेले आहेत. ‘लीरा’ म्हणजे शेतांतील सरी अथवा वरंबा. ती सोडून भरकटणें म्हणजे ‘डेलीरारे’. त्यावरूनच ज्वरांतील बडबडीला ‘डिलीरियम’ म्हणूं लागले. शेताच्या टोंकाशीं नांगर वळविला, कीं नवी ओळ सुरू होते. त्या वळणाचें व त्या ओळीचें नांव ‘व्हेर्सुस’, आणि त्याच शब्दापासून कवितेच्या ओळीचें ‘व्हर्स’ हें नांव निघालें. आपल्याकडेही पेरलेल्या पिकाची ती ओळ आणि लिहिलेल्या अक्षरांची तीही ओळच. ज्याचा नांगर वळणावर नीट वळला तो कवि, ज्याचा सरीबाहेर भरकटला तो भ्रमिष्ट, आणि ज्याचा सर्वांदेखत तास धरल्यासारखा दिसूनही हळूच वांकडा गेला, तो आमच्या या क्रियापदाचा कर्ता, अशी एका शेतांतील तीन माणसांची कल्पना करावयास हरकत नाहीं.

रोमन कायदेपंडितांनीं मात्र व्युत्पत्ति सांगतांना नांगराचा उल्लेख केलेला नाहीं. तिसऱ्या शतकाच्या आरंभीं होऊन गेलेला उल्पियन हा धर्मशास्त्री म्हणतो, कीं हा शब्द सरळ पाय फांकण्यावरून आला. जो मनुष्य एका बाजूचा म्हणून उभा राहतो आणि आपल्या पक्षाचा घात करून प्रतिपक्षास साहाय्य करतो, त्याचा एक पाय इकडे व एक पाय तिकडे असतो. उल्पियनचें यापुढील विधान फार मार्मिक आहे. तो म्हणतो, असा मनुष्य दोन्ही बाजूंस उभा असतो. नव्हे, खरें म्हटलें तर तो दुसऱ्याच बाजूस उभा असतो. शब्दाची वाट शेतांतून गेलेली असो वा नसो, चित्र एकच आहे: वरून आपला, आंतून दुसऱ्याचा.

या अपराधाला रोममध्यें एवढें महत्त्व कां आलें, हें समजण्यासाठीं तेथील फौजदारी न्यायाची रीत पाहिली पाहिजे. तेथें सरकारी वकील नव्हता. एखाद्या सुभेदारानें प्रांत लुटला, तर त्याच्यावर आरोप आणण्याचें काम कोणातरी नागरिकालाच पुढें होऊन करावें लागे. एकदां तो आरोपी निर्दोष ठरला, कीं त्याच गुन्ह्याबद्दल त्याच्यावर सामान्यतः पुन्हां खटला चालत नसे. यांतून एक सोपी युक्ति निघाली. आरोपीनें आपल्याच मित्राला फिर्यादी म्हणून पुढें करावें. त्यानें वरवर आवेशानें भाषण ठोकावें. पण खरा पुरावा दडवावा, दुबळे मुद्दे पुढें करावे, आणि खटला हरावा. मग आरोपी जन्माचा मोकळा. याकरितां इ. स. पू. १२३ च्या सुमारास झालेल्या प्रांतिक लुटीविषयींच्या कायद्यांतच या फितुरीसाठीं अपवाद ठेवावा लागला. पहिला फिर्यादी फितूर होता असें सिद्ध झाल्यास आरोपीला पुन्हां न्यायासनापुढें उभें करतां येत असे.

या संबंधांतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग इ. स. पू. ७० मधील होय. सिसिली प्रांत तीन वर्षें नागविणाऱ्या व्हेरीसवर खटला चालविण्यास तरुण सिसेरो पुढें आला. तोंच सिसिलियस नांवाचा दुसरा एक इसम उभा राहिला, आणि फिर्यादीचा मान मलाच मिळाला पाहिजे असें म्हणूं लागला. हा व्हेरीसच्याच हाताखालचा खजिन्याचा अधिकारी! आपलें व व्हेरीसचें हाडवैर आहे, अशी त्याची बतावणी. तेव्हां खटला कोणी चालवावा एवढ्याच प्रश्नावर आधीं सुनावणी झाली. सिसेरोनें दाखवून दिलें, कीं ज्याचे स्वतःचे हात त्याच लुटींत माखले आहेत, तो दुसऱ्याचीं पापें मोकळेपणीं उघडी करूं शकणार नाहीं. आणि प्रतिपक्षाला जो फिर्यादी हवासा वाटतो, तो फिर्याद करणाऱ्या सिसिलीच्या प्रजेला नकोसा असला पाहिजे. सिसेरोची निवड झाली, आणि पहिल्या सुनावणीनंतरच व्हेरीस रोम सोडून परागंदा झाला.

परंतु शब्दाच्या इतिहासांत नायकांचीही परीक्षा होते. पुढें पांच वर्षांनीं, इ. स. पू. ६५ मध्यें, कॅटिलाइनवर आफ्रिका प्रांतांतील लुटीबद्दल खटला भरला गेला. फिर्यादी होता क्लोडियस. या वेळीं सिसेरोनें आपला मित्र अ‍ॅटिकस यास लिहिलेलें एक पत्र उपलब्ध आहे. कॅटिलाइनचें वकीलपत्र घेण्याचा आपला विचार आहे, न्यायपंच हवे तसे मिळाले आहेत, आणि फिर्यादीचीही त्याला पूर्ण अनुकूलता आहे, असें तो त्यांत समाधानानें सांगतो! निवडणुकींत कॅटिलाइनचें सहकार्य मिळावें, हा त्यांतला हेतु. हें वकीलपत्र त्यानें अखेरीस घेतल्याचें दिसत नाहीं, आणि इ. स. पू. ६३ मध्यें त्याच कॅटिलाइनला राज्याचा शत्रु म्हणून त्यानें भर सभेंत धुऊन काढलें. तरी, सिसिलियसचे फांकलेले पाय ज्याला एवढे स्पष्ट दिसले, त्याला क्लोडियसच्या पायांकडे कानाडोळा करावासा वाटला, ही गोष्ट उरतेच. हा अपराध दुसऱ्याच्या फायद्याचा असला म्हणजे अपराध वाटतो, आपल्या फायद्याचा असला म्हणजे अनुकूलता!

रोमन कायद्यानें फिर्यादीच्या दोषांचें एक त्रिकूट सांगितलें आहे, व तें मार्शियन या शास्त्र्यानें अगदीं थोडक्यांत ग्रथित केलें आहे. जाणूनबुजून खोटा आरोप करणें हा पहिला दोष. त्याला ‘कालुम्निया’ म्हणत. खरा गुन्हा लपविणें हा दुसरा. तोच आमचा ‘प्रेव्हारिकातियो’. आणि हातीं घेतलेली फिर्याद अजीबात सोडून देणें हा तिसरा. त्याचें नांव ‘तेर्गिव्हेर्सातियो’. यांतील तिसरा शब्द ‘पाठ’ व ‘फिरविणें’ या दोन शब्दांचा जोड आहे, आणि इंग्रजींत ‘टर्जिव्हर्सेट’ हें तितकेंच दुर्मिळ क्रियापद त्यापासून झालें आहे. ‘पाठ फिरविणें’ हा मराठी वाक्प्रचार त्याचें शब्दशः भाषांतर वाटावें इतका जवळचा आहे. पण तें भाषांतर नव्हे. मनुष्याच्या पाठीचें व पायांचें वळण सर्व देशांत सारखेंच असल्यामुळें त्यांवरून सुचणाऱ्या उपमाही सारख्याच असतात.

पुढें लॅटिन भाषा ख्रिस्ती धर्माची भाषा झाली, आणि या शब्दाला निराळें वळण लागलें. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमनें केलेल्या बायबलाच्या भाषांतरांत त्याचा अर्थ ईश्वरी आज्ञेचें उल्लंघन असा झाला; आदिमानव आदम याचा अपराधही याच नांवानें ओळखला जाऊं लागला. न्यायसभेंतील फितुरी आतां देवाशीं केलेली बेइमानी ठरली. पण ज्या मर्यादेंत राहण्याचें पतकरलें, ती ओलांडणें हा गाभा कायम राहिला. लॅटिनच्या कन्यांनीं हा गाभा अद्यापि जपला आहे. स्पॅनिश भाषेंत ‘प्रेव्हारिकासियोन’ म्हणजे अन्याय्य आहे हें जाणूनही न्यायाधीशानें किंवा अधिकाऱ्यानें दिलेला निर्णय. तो तेथें दंडनीय गुन्हा आहे. फ्रेंचांत अधिकारपदाच्या कर्तव्याशीं केलेली बेइमानी, असा अर्थ आहे. पोर्तुगीजांतही तसाच, गोव्यांतील ज्या जुन्या कुटुंबांत १९६१ पूर्वींची पोर्तुगीज कायद्याची पुस्तकें असतील, तेथील मंडळींना ‘प्रेव्हारिकासांव’ म्हणजे नुसती उडवाउडवी नव्हे, हें सांगावयास नको.

इंग्रजी भाषेनें मात्र वेगळा मार्ग धरला. सोळाव्या-सतराव्या शतकांत हा शब्द तिच्यांत आला, तेव्हां वाट सोडणें, आज्ञा मोडणें, प्रतिपक्षाशीं संगनमत करणें, हे सारे जुने अर्थ त्याच्याबरोबर आले होते. केंब्रिज विद्यापीठाच्या पदवीदान-समारंभांत विनोदी लॅटिन भाषण करून गंभीर वादविवादाचें विडंबन करणारा एक वक्ता असे, त्यालाही सतराव्या शतकांत ‘प्रिव्हॅरिकेटर’ म्हणत. हळूहळू जुने अर्थ गळाले. कृतीचा दोष उक्तीचा झाला. पायांचा शब्द तोंडांत जाऊन बसला. आज इंग्रज मनुष्य एखाद्याला ‘तो प्रिव्हॅरिकेट करतो’ म्हणतो, तेव्हां पुष्कळदां ‘तो खोटें बोलतो’ असें म्हणण्याचें धैर्य नसल्यामुळें तो सभ्य शब्द वापरीत असतो. फितुरीला ठपका देण्याकरितां जन्मलेला शब्द स्वतःच गुळमुळीत बोलण्याच्या कामीं यावा, हा दैवदुर्विलास नव्हे काय?

‘एक्विव्होकेट’ हें आणखी एक क्रियापद याच्या शेजारीं ठेवून पाहिलें, म्हणजे हानि कोठें झाली तें कळतें. ‘सम’ आणि ‘स्वर’ अशा दोन लॅटिन शब्दांपासून तें झालें आहे. एकाच शब्दांतून दोन अर्थ सारख्याच स्वरानें बोलतील अशी योजना करणें, हें त्याचें लक्षण. १६०५ च्या दारूगोळ्याच्या कटानंतर गार्नेट या जेझुइट पाद्र्यावर खटला झाला, तेव्हां शपथेवर असें द्व्यर्थी बोलणें पाप नव्हे या त्याच्या मताची फार चर्चा झाली. ‘मॅकबेथ’ नाटकांतील झिंगलेला द्वारपाल नरकाच्या दारांत ज्या दुतोंड्याचें स्वागत करतो, तें या चर्चेला उद्देशूनच, असें विद्वान् मानतात. द्व्यर्थी बोलणारा शब्दाच्या दोन अर्थांआड लपतो. फितुरी करणारा स्वतःच्या दोन भूमिकांआड लपतो. पहिल्याचा दोष व्याकरणांत सांपडतो, दुसऱ्याचा केवळ त्याच्या वर्तनांत. इंग्रजीनें या दोन क्रियापदांना जवळजवळ समानार्थक करून टाकलें, आणि एक सूक्ष्म भेद घालविला.

हा भेद आम्हां भारतीयांना समजण्यास कठीण जाऊं नये. ‘नरो वा कुंजरो वा’ ही म्हण मराठी घरांतील मुलांच्याही तोंडीं असते. अश्वत्थामा नांवाचा हत्ती मारला गेला होता, म्हणून युधिष्ठिराचें वाक्य अक्षरशः खोटें नव्हतें. शब्दांपुरतें पाहिलें तर तें द्व्यर्थी बोलणें होय. पण द्रोणानें इतर कोणावर विश्वास न ठेवतां त्यालाच कां विचारलें? हा मनुष्य सत्याच्या बाजूचा आहे, अशी शत्रूचीही खात्री होती म्हणून. सत्याचा साक्षी म्हणून ज्याला उभें केलें, तो त्या क्षणीं पक्षाचा झाला. भूमीपासून चार अंगुळें वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणीं भूमीला टेकला, असें महाभारतकार सांगतात. ती शिक्षा शब्दांबद्दल नव्हे, तर साक्षीच्या आसनावरून ढळल्याबद्दल होती, असें आम्हांस वाटतें.

मग या क्रियापदाला मराठींत काय म्हणावें? ‘खोटें बोलणें’ हें साफ चूक. ‘टाळाटाळ करणें’ हें कामाला लागू, शब्दाला नव्हे. आजच्या इंग्रजी अर्थाला ‘उडवाउडवी करणें’ हाच उत्तम प्रतिशब्द होय. ‘सारवासारव’ ही नंतरची क्रिया असते, आधीं कांहीं सांडलेलें असावें लागतें. परंतु सतराव्या शतकांतील इंग्रजी ग्रंथ किंवा रोमन इतिहास मराठींत आणणाऱ्यानें तेथें ‘उडवाउडवी’ घालून चालणार नाहीं. तेथें ‘फितुरी’ हाच शब्द हवा. साक्षीदार ‘फितूर झाला’ असें आपलीं वृत्तपत्रें लिहितात, त्यांत आरोपाचें सारें वजन आलेलें आहे. आणि मूळ लॅटिन चित्र हवें असेल, तर ‘दोन डगरींवर पाय ठेवणें’ हा वाक्प्रचार आपल्या घरांत तयारच आहे. एका मराठी शब्दानें काम भागत नाहीं, याचें कारण मराठीचें दारिद्र्य नव्हे. इंग्रजीनें एकाच शब्दांत तीन युगें कोंबलीं आहेत, हें आहे.

येथवर शब्दाचा विचार झाला. आतां ज्या अंगणाचा आरंभीं उल्लेख केला, तिकडे वळूं. मासिकांतील ग्रंथपरीक्षण हीही एक न्यायसभाच होय. पुस्तक विकत घेण्यापूर्वीं वाचक परीक्षकाचा शब्द मागतो. म्हणजे परीक्षकानें वाचकाचें वकीलपत्र घेतलेलें असतें. मार्शियनचे तिन्ही दोष या सभेंत आम्हांस नित्य दिसतात. लेखकावरील रागानें नसलेले दोष पुस्तकावर लादणारा परीक्षक हा पहिला. त्याची निंदा सर्वच करतात. अभिप्रायार्थ आलेलें पुस्तक ठेवून घेऊन त्याबद्दल कधींच अवाक्षर न काढणारा हा तिसरा; त्याला आपण आळशी म्हणून सोडून देतों. पण दुसरा? पुस्तक पोकळ आहे हें त्याला पहिल्या प्रकरणांतच कळलेलें असतें. लेखक स्नेही असतो, किंवा उद्यां याच लेखकाकडे आपलें पुस्तक जावयाचें असतें. मग कथानक चार परिच्छेद सांगावें, प्रयत्नाला ‘स्तुत्य’ म्हणावें, दोनचार मुद्रणदोष कठोरपणें दाखवून निःस्पृहतेचा देखावा करावा, आणि कागद, छपाई व बांधणी उत्तम असल्याची ग्वाही देऊन मोकळें व्हावें. यांत एकही वाक्य खोटें नसतें. बांधणी खरोखरच उत्तम असते! तरी वाचकाचा खटला त्याच्याच वकिलानें हरविलेला असतो. यालाच रोमन लोक ‘प्रेव्हारिकातियो’ म्हणत.

याचा अर्थ परीक्षकानें निष्ठुर व्हावें असा नव्हे. नवशिक्या लेखकाचा दोष हळुवार शब्दांत सांगणें ही फितुरी नव्हे. दोष सांगितला गेला पाहिजे, एवढेंच. मित्राच्या पुस्तकाविषयीं लिहिणें अवघड वाटत असेल, तर तें काम आरंभींच नाकारावें. न स्वीकारलेल्या वकीलपत्राचा द्रोह होत नाहीं. सौम्यता ही वाणीची गोष्ट आहे, निष्ठा ही उभें राहण्याच्या जागेची. या दोहोंची गल्लत होते तेथेंच पाय फांकूं लागतात, आणि अशा परीक्षणांनीं दोनचार वेळां फसलेला वाचक पुढें खऱ्या स्तुतीवरही विश्वास ठेवीत नाहीं. मग ज्या पुस्तकाचें खरोखर कौतुक व्हावयास हवें, त्याच्या लेखकालाच या फितुरीचा दंड भरावा लागतो.

प्लिनीच्या शेतांतील त्या वाक्यांत आणखी एक मर्म आहे. तास सरळ निघावयास नांगऱ्याला स्वतः वांकावें लागतें. जो ताठ उभा राहून नांगर नुसता हांकतो, त्याचेंच तास वांकडें जातें. लेखणीचेंही तसेंच आहे. पुस्तक मन लावून वाचणें, आपल्या मताला आधार शोधणें, नावडता निष्कर्ष स्वतःच्या नांवानें लिहिणें, या कष्टांत जो वांकत नाहीं, त्याला उडवाउडवीवांचून गत्यंतर नसतें. पाय फांकण्याचें मूळ पुष्कळदां दुष्टपणांत नसून या कष्टांच्या कंटाळ्यांत असतें; आणि म्हणूनच हा दोष इतक्या सभ्य माणसांच्या हातून घडतो.